घरगुती वीजवापराचा स्वयंनिर्मित मापक : रचना, जोडणी आणि मर्यादा

महिन्याच्या शेवटी हाती पडणारे वीजबिल एकच आकडा सांगते : एकूण युनिट. त्यात गिझरचा वाटा किती, विहिरीवरच्या पंपाचा किती आणि रात्रभर चालणाऱ्या एसीचा किती, याचा उलगडा बिलातून होत नाही. गोव्यात घरगुती ग्राहकांचे दर युनिटांच्या टप्प्यांनुसार चढत जातात. त्यामुळे बिलातले शेवटचे युनिट सर्वांत महाग ठरते आणि ते कोणत्या उपकरणाने खाल्ले, हे कळण्याला रोख किंमत असते. एकाच मीटरवर दोन भावांची बिऱ्हाडे चालणाऱ्या जुन्या घरांत तर हा प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही.

विद्युतप्रवाह मोजणारे संवेदक, एक लहानसा मायक्रोकंट्रोलर आणि घरातले वायफाय एवढ्या सामग्रीवर क्षणोक्षणीचा वीजवापर दाखवणारा मापक घरच्या घरी उभा करता येतो. साधारण दोन हजार रुपयांच्या आत साहित्य मिळते. वेल्समधील ओपनएनर्जीमॉनिटर या प्रकल्पाने आपले आराखडे आणि संगणकीय आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेवली आणि हौशी मंडळींत आज प्रचलित असलेल्या बहुतेक रचना त्याच वाटेने गेलेल्या आहेत. तत्त्व अवघड नाही. अवघड आहे ती शिस्त, कारण मोजायची वस्तू २३० व्होल्टची आहे.

आधी मर्यादा

वीज खात्याचे मीटर, त्याची सीलबंद पेटी आणि खांबापासून मीटरपर्यंत आलेली तार यांना हात लावायचा नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ नुसार मीटरमध्ये फेरफार करणे वीजचोरीत मोडते. हेतू चांगला होता हे सांगत बसण्याची वेळ येऊ नये. संवेदक बसवायचा तो मीटरच्या पुढे, ग्राहकाच्या बाजूला, म्हणजे मुख्य स्विचनंतरच्या वितरण पेटीत. वायरमन जिला डीबी म्हणतात तीच ही पेटी.

येथे एक गैरसमज जीवघेणा ठरतो. डीबीतला मुख्य एमसीबी खाली पाडला की पेटी निर्जीव झाली, असे समजले जाते. प्रत्यक्षात त्या एमसीबीच्या आवक बाजूच्या पट्ट्या जिवंतच असतात. पेटी उघडण्यापूर्वी मीटरजवळचा मुख्य स्विच बंद करावा, टेस्टरवर विसंबून न राहता मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ अशी दोन्हीकडे तपासणी करावी आणि तो मल्टिमीटर चालू असल्याची खात्री आधी एखाद्या जिवंत सॉकेटवर करून घ्यावी. पेटीच्या आतले काम परवानाधारक वायरमनकडून करून घेणे सर्वांत शहाणपणाचे. संवेदक अडकवायला त्याला पंधरा मिनिटेही लागत नाहीत, आणि बाकीचे सगळे काम टेबलावर पाच व्होल्टवर करता येते.

तार न कापता मोजमाप

घरगुती मापकासाठी योग्य संवेदक म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, व्यवहारातला सीटी. चिमट्यासारखा उघडणारा फेराइटचा गाभा तारेभोवती मिटवला की काम झाले. तारेचे इन्सुलेशन सोलावे लागत नाही. तारेतून वाहणारा प्रत्यावर्ती प्रवाह भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, ते गाभ्यात गोळा होते आणि गाभ्यावरच्या शेकडो वेढ्यांत त्या प्रमाणात लहानसा प्रवाह वाहू लागतो. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले प्रवर्तन ते हेच.

एसीएस७१२ नावाची हॉल परिणामावर चालणारी स्वस्त चकती बाजारात सहज मिळते आणि शाळा-महाविद्यालयांच्या प्रकल्पांत ती हमखास दिसते. मात्र तिच्यातून घराचा प्रवाह आरपार न्यावा लागतो. म्हणजे मुख्य तार कापायची आणि एका इवल्याशा पट्टीच्या स्क्रूंवर घराचा भार सोपवायचा. एखाद्या दिव्यावरच्या प्रयोगासाठी ती ठीक आहे. डीबीत तिला जागा नाही.

सीटी अडकवताना तो केवळ एका तारेभोवती हवा, फेजच्या किंवा न्यूट्रलच्या. दोन्ही तारा एकदम कवेत घेतल्या तर जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांना छेद देतात आणि मापक शून्य दाखवतो. नवशिक्यांचा पहिला दिवस बहुधा याच शून्यापुढे जातो. गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी याच तत्त्वावर चालतो : दोन्ही तारांची बेरीज शून्य नसेल तर प्रवाह तिसऱ्याच वाटेने, कदाचित माणसाच्या शरीरातून, जमिनीकडे जात आहे असा त्याचा अर्थ. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर मापकाआधी तो बसवावा.

रेझिस्टरचे गणित

हौशी मापकांत सर्वाधिक वापरला जाणारा सीटी म्हणजे एससीटी-०१३-०००. त्याचे गुणोत्तर १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर, अर्थात २००० वेढे. मायक्रोकंट्रोलरला प्रवाह वाचता येत नाही, व्होल्टेज वाचता येते; म्हणून सीटीच्या दोन टोकांमध्ये एक रेझिस्टर जोडतात. त्याला बर्डन म्हणतात. हा रेझिस्टर जोडल्याशिवाय सीटी जिवंत तारेवर मिटवू नये. दुय्यम बाजू उघडी राहिली की तेथे धोकादायक व्होल्टेज तयार होऊ शकते. काही सीटींत त्यासाठी आतच संरक्षक डायोड असतो, पण तो असेलच असे धरून चालू नये.

बर्डनची किंमत अंदाजाने निवडायची नसते. १०० अँपिअर हे प्रभावी मूल्य. लाटेचे शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारे १४१ अँपिअर. २००० ने भागल्यावर दुय्यम बाजूला ७०.७ मिलिअँपिअरचे शिखर मिळते. ईएसपी-३२ सारखा मायक्रोकंट्रोलर ० ते ३.३ व्होल्टच वाचतो, ऋण व्होल्टेज त्याला चालत नाही. त्यासाठी लाट मधोमध १.६५ व्होल्टवर उचलून धरतात आणि वर-खाली तेवढीच जागा उरते. १.६५ भागिले ०.०७०७ म्हणजे २३.३ ओहम, बाजारात मिळणारी त्याखालची किंमत २२ ओहम. पाच व्होल्टच्या अर्ड्विनो उनोसाठी हेच गणित ३३ ओहमवर येते. मध्यबिंदू मिळवण्यासाठी दहा-दहा किलोओहमचे दोन रेझिस्टर पुरवठ्याच्या दोन टोकांत एकामागोमाग जोडतात, आणि तो बिंदू स्थिर राहावा म्हणून तेथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात. संपूर्ण मंडल एवढेच आहे.

आता या संवेदकाची खरी अडचण. ७५ वॅटचा पंखा ०.३३ अँपिअर घेतो. सीटीतून ०.१६ मिलिअँपिअर निघतात आणि ३३ ओहमवर साडेपाच मिलिव्होल्टही भरत नाहीत. उनोची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे पंख्याची अख्खी लाट शिखरापासून तळापर्यंत तीनच पायऱ्यांत संपते. शंभर अँपिअरचा काटा घेऊन वेलची तोलण्यातला हा प्रकार आहे. बहुतेक एकफेजी घरांचा मुख्य एमसीबी ३२ किंवा ४० अँपिअरचा असतो. प्रत्यक्ष भार तीसच्या आत राहत असेल, तर आतच बर्डन असलेला आणि ३० अँपिअरला १ व्होल्ट देणारा एससीटी-०१३-०३० अधिक उपयोगी पडतो. एखाद्या लहान उपकरणाचाच स्वतंत्र अभ्यास करायचा असेल, तर त्याच्या तारेचे पाच वेढे सीटीतून घ्यावेत आणि आलेल्या आकड्याला पाचाने भागावे.

ईएसपी-३२ वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यात व्होल्टेज वाचणारे दोन गट आहेत आणि वायफाय चालू असताना दुसरा गट वापरता येत नाही. सीटी ३२ ते ३९ या क्रमांकांच्या पायांपैकीच एखाद्यावर जोडावा. शिवाय त्याचे वाचन दोन्ही टोकांना थोडे वाकडे असते. अचूकता हवी असेल, तर एडीएस१११५ ही सोळा बिटांची वेगळी चिप जोडावी. ती सेकंदाला जास्तीत जास्त ८६० नमुने घेते, म्हणजे ५० हर्ट्झच्या एका लाटेमागे सतरा. घरगुती कामाला तेवढे पुरतात.

अँपिअर म्हणजे वॅट नव्हे

येथवर आलेले बरेच जण मिळालेल्या अँपिअरना २३० ने गुणतात आणि वॅट मिळाले असे मानतात. गिझर, इस्त्री, पाणी तापवण्याचा रॉड यांच्यासाठी ते खरे आहे. फ्रीज, पंप, जुन्या रेग्युलेटरवरचा पंखा आणि स्वस्त एलईडी दिवे यांच्यासाठी मात्र नाही. मोटरीत प्रवाहाची लाट व्होल्टेजच्या लाटेमागे रेंगाळते, आणि स्वस्त इलेक्ट्रॉनिक उपकरणे प्रवाह झटक्याझटक्याने ओढतात. एक अँपिअर घेणारा फ्रीज गुणाकाराने २३० दाखवील. त्याचा पॉवर फॅक्टर ०.६५ असेल, तर प्रत्यक्ष वापर दीडशे वॅटचा. घरगुती मीटर हा प्रत्यक्ष वापरच युनिटांत मोजतो. केवळ प्रवाह मोजणारा मापक त्यामुळे बिलापेक्षा नेहमी चढे आकडे दाखवतो, आणि मग मीटर हळू चालतो की मापक खोटे बोलतो, असा वाद घरात रंगतो.

शिवाय २३० हा आकडाही स्थिर नसतो. पंचायत क्षेत्रात ट्रान्सफॉर्मरपासून दूर असलेल्या घरांत संध्याकाळी व्होल्टेज बरेच उतरते. प्रत्यक्ष वॅट हवे असतील, तर व्होल्टेजही त्याच क्षणी मोजावे लागते. व्होल्टेज आणि प्रवाह यांचे नमुने जोडीने घ्यायचे, प्रत्येक जोडीचा गुणाकार करायचा आणि काही पूर्ण लाटांची सरासरी काढायची. पॉवर फॅक्टर त्यात आपोआप सामावतो. सीटी स्वतः लाट एक-दोन अंशांनी सरकवतो, हे त्यात धरावे लागते. गिझरवर त्याचा परिणाम दिसत नाही. पण पॉवर फॅक्टर ०.५ असलेल्या मोटरीवर दोन अंशांची चूक सहा टक्क्यांपर्यंत जाते.

हे सारे स्वतः करण्याची हौस नसेल, तर पीझेम-००४टी हा तयार तुकडा घ्यावा. वीजमापनाची चिप, व्होल्टेजची सोय आणि १०० अँपिअरचा सीटी त्यात आहेत. ८० ते २६० व्होल्टपर्यंतच्या पुरवठ्यावर तो व्होल्ट, अँपिअर, वॅट, पॉवर फॅक्टर, वारंवारता आणि एकूण युनिट मोडबस पद्धतीने सांगतो. वीज गेली तरी युनिटांचा आकडा त्याच्या स्मृतीत टिकतो, ही गोव्याच्या पावसाळ्यात लहान सोय नव्हे. संदेशवहनाची बाजू मुख्य विजेपासून प्रकाशीय जोडाने वेगळी ठेवलेली असते. ती पाच व्होल्टवर चालते आणि ईएसपी-३२ चे पाय ३.३ व्होल्टचे, म्हणून मध्ये व्होल्टेजची पातळी जुळवणारा लहान तुकडा लावावा. तीन फेजच्या घराला असे तीन तुकडे लागतात. ते एकाच जोडतारेवर चालतात, मात्र प्रत्येकाला आधी एकेकटे जोडून वेगळा पत्ता द्यावा लागतो.

पीझेमचा धोका त्याच्या सोयीतच आहे. व्होल्टेज मोजण्यासाठी फेज आणि न्यूट्रल थेट त्याच्या स्क्रूंवर येतात आणि पट्टीच्या खालच्या बाजूचे झाळकाम उघडे, जिवंत असते. या दोन तारा स्वतंत्र लहान एमसीबीवरून किंवा फ्यूजमधून घ्याव्यात आणि पट्टी बंद प्लास्टिकच्या पेटीत ठेवावी. पुठ्ठ्याच्या खोक्यात टांगलेला मापक म्हणजे पाल आणि मुंग्या यांना दिलेले आमंत्रण होय.

मीटरशी ताळा

तयार झालेला मापक कशाशी ताडून पाहायचा? उत्तर भिंतीवरच आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटमागे किती लुकलुक, तो आकडा छापलेला असतो. अनेक मीटरवर तो ३२०० असतो. घरातली बाकी सर्व उपकरणे बंद करून दोन किलोवॅटचा गिझर लावावा आणि शंभर लुकलुक मोजायला किती सेकंद लागतात ते पाहावे. ३२०० च्या मीटरसाठी १,१२,५०० ला त्या सेकंदांनी भागले की वॅट मिळतात. नेमका दोन हजार वॅटचा भार असेल, तर सुमारे ५६ सेकंद लागतील. मापकाचा आकडा वेगळा आला, तर आज्ञावलीतला स्थिरांक त्या प्रमाणात बदलावा. ओपनएनर्जीमॉनिटरच्या एमॉनलिब या आज्ञावलीत हा स्थिरांक वेढ्यांना बर्डनने भागून येतो : ३३ ओहमसाठी ६०.६, २२ ओहमसाठी ९०.९. तेथून सुरुवात करून ताळा जुळेपर्यंत तो थोडा पुढे-मागे करायचा. मग हीच कसोटी फ्रीज किंवा पंप लावून पुन्हा घ्यावी. गिझरवर जुळलेला मापक मोटरीवर चुकत असेल, तर दोष व्होल्टेजच्या मापनात किंवा लाटेच्या सरकण्यात शोधावा.

नोंदी साठवण्यासाठी होम असिस्टंट किंवा एमॉनसीएमएस या मुक्त प्रणाली रास्पबेरी पायवर चालवता येतात. ईएसपीहोममध्ये सीटी आणि पीझेम या दोहोंसाठी तयार घटक आहेत, त्यामुळे स्वतः आज्ञावली लिहिण्याची गरज फारशी उरत नाही. ही यंत्रणा आणि वायफायचा राउटर इन्व्हर्टरवर ठेवावा, अन्यथा वीज गेल्याची वेळ नोंदवणारे कोणी उरणार नाही.

आलेख वाचताना

पहिल्या आठवड्यात सर्वांत बोलका ठरतो तो मध्यरात्रीनंतरचा आकडा. सगळे झोपलेले असताना, फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबलेला असताना जी रेषा उरते, ती घराची कायमची वीजगळ : सेट-टॉप बॉक्स, राउटर, रिमोटची वाट पाहणारा टीव्ही, चार्जर, इन्व्हर्टर. ही रेषा ६० वॅटवर असेल, तर महिन्याला ४३ युनिट कोणी काहीही न वापरता जातात.

पंपाचा आलेख तर वायरमनला जे सांगता येत नाही तेही सांगतो. प्रेशर पंप रात्री दर वीस मिनिटांनी क्षणभर चालू होत असेल, तर कुठेतरी नळ ठिबकतो आहे किंवा व्हॉल्व्ह पाणी धरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत विहीर तळाला गेली, की पंप कोरडा फिरू लागतो आणि त्याचे वॅट नेहमीपेक्षा खाली येतात. मोटरीच्या आतली सीलं जळण्यापूर्वीची ती सूचना असते. उलट नेहमीपेक्षा जास्त वॅट दिसले, तर पंखा अडकला असावा किंवा बेअरिंग गेले असावे. पंधरा लिटरच्या गिझरमधले पाणी २५ अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटापेक्षाही कमी वीज लागते. तरी गिझरच्या नावावर रोज दोन-तीन युनिट पडत असतील, तर बटण दिवसभर चालू राहते, हे उघड आहे. वीज परत आल्यानंतर तासन्‌तास दिसणारा उंचवटा बहुतेकदा इन्व्हर्टरची बॅटरी भरत असल्याचा असतो. त्यासाठी फ्रीजवर संशय घेऊ नये.

छतावर सौरपॅनेल असणाऱ्यांना केवळ सीटीवर चालणारा मापक पार चकवतो. दुपारी घराबाहेर जाणारी वीज आणि रात्री आत येणारी वीज त्याला एकसारखीच दिसते, आणि विकलेली वीजही वापरात मोजली जाते. प्रवाहाची दिशा व्होल्टेजशी तुलना केल्याशिवाय कळत नाही. पीझेमही ही दिशा सांगत नाही. अशा घरांना दोन्ही दिशा मोजणारा मापकच घ्यावा लागतो आणि सीटीवरचा बाण योग्य बाजूस ठेवावा लागतो.

बिलाच्या तक्रारीत या मापकाचे स्थान

मापकाचे आकडे आणि बिल यांत दोन-तीन टक्क्यांचा फरक राहिला, तर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. घरगुती मीटर सहसा एक टक्का अचूकतेच्या वर्गातले असतात, आणि घरी बनवलेला मापक त्याहून अचूक असण्याचा संभव कमीच. फरक वीस-पंचवीस टक्क्यांचा आणि सातत्याचा असेल, तर मात्र तो दुर्लक्षू नये. घरी बनवलेल्या मापकाच्या नोंदीला कायद्याच्या दृष्टीने वजन नाही. ती केवळ मीटर तपासून मागण्याचे कारण पुरवते. अर्ज वीज खात्याच्या स्थानिक उपविभागात करायचा. तेथे समाधान झाले नाही, तर वीज कायद्याच्या कलम ४२ नुसार ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर लोकपाल असे दोन टप्पे आहेत. अर्जासोबत मीटरवरच्या आकड्याची छायाचित्रे जोडावीत. दररोज एकाच वेळी, निदान पंधरा दिवस घेतलेली अशी छायाचित्रे मापकाच्या आलेखापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

भाडेकरूकडून किंवा भावाभावांत या मापकाच्या आकड्यावर पैसे वसूल करणे मात्र टाळावे. त्यासाठी सीलबंद सबमीटर बाजारात मिळतो, आणि त्याच्या आकड्याबद्दल दोन्ही बाजूंना शंका राहत नाही. घरी बनवलेला मापक अशा ठिकाणी पहाऱ्यापुरता ठेवावा.

किनारपट्टीवरच्या घरांत एक देखभाल वर्षातून एकदा करावी लागते. खाऱ्या, दमट हवेने सीटीच्या दोन अर्ध्या गाभ्यांच्या पृष्ठभागांवर मळ आणि गंज चढतो, ते नीट मिटत नाहीत आणि मधल्या फटीमुळे आकडे हळूहळू उतरू लागतात. पावसाळा संपल्यावर मुख्य स्विच बंद करून सीटी उघडावा, दोन्ही पृष्ठभाग कोरड्या मऊ कापडाने पुसावेत आणि टक् असा आवाज येईपर्यंत तो पुन्हा मिटवावा. नंतर गिझर लावून शंभर लुकलुक पुन्हा मोजाव्यात.